दम किती लागतो? : दीर्घकालीन फुप्फुसरोगांच्या प्रश्नावलींचा इतिहास

दीर्घकालीन फुप्फुसरोग किती बळावला आहे हे ठरवताना आज दोन गोष्टी शेजारी-शेजारी मांडल्या जातात: रुग्ण यंत्रात किती हवा किती जोराने फुंकू शकतो, आणि छापील प्रश्नांना तो कोणती उत्तरे देतो. यांपैकी पहिल्या मोजमापाचा इतिहास अनेकांना ठाऊक असतो. जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्याने १८४६ साली दोन हजारांहून अधिक माणसांच्या श्वासाची मापे प्रसिद्ध केली, खोल श्वास घेतल्यानंतर माणूस जास्तीत जास्त किती हवा बाहेर सोडू शकतो याचा त्याच्या उंचीशी संबंध असल्याचे दाखवले, आणि आपले स्पायरोमीटर, म्हणजे श्वास मोजण्याचे यंत्र, आयुर्विम्याच्या तपासणीतही उपयोगी पडेल अशी आशा बाळगली. दुसऱ्या मोजमापाचा इतिहास त्यामानाने अलीकडचा असून तो कमी सांगितला जातो. रुग्णाच्या सांगण्याला शास्त्रीय पुराव्याचा दर्जा मिळण्यासाठी विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला, आणि तो दर्जा मिळवून देण्याचे काम प्रथम एखाद्या मोठ्या शहरातील रुग्णालयात न होता वेल्सच्या कोळसा खाणींच्या परिसरात झाले.

दक्षिण वेल्सच्या खाणींत वर्षानुवर्षे कोळशाची धूळ श्वासावाटे आत गेल्याने कामगारांच्या फुप्फुसांत जे विकार होत, त्यांना ‘न्यूमोकोनिओसिस’ म्हणजे धूळजन्य फुप्फुसरोग असे नाव आहे. १९४३ साली ब्रिटनमध्ये कोळसा कामगारांच्या या रोगाला नुकसानभरपाईच्या कक्षेत घेण्यात आले आणि त्याबरोबर एक व्यावहारिक पेच उभा राहिला. भरपाई अपंगत्वाच्या प्रमाणात द्यायची होती. परंतु क्ष-किरण चित्रात फुप्फुस डागांनी भरलेले असूनही एखादा कामगार खाणीत पूर्ण पाळी करताना दिसे, तर दुसऱ्याचे चित्र जवळजवळ स्वच्छ असूनही त्याला घराबाहेरचा चढ चढवत नसे. भरपाईचा पैसा गुंतलेला असल्यामुळे कामगाराच्या तोंडच्या तक्रारीवर कोणी सहज विश्वास ठेवत नव्हते, आणि चित्रावर विसंबावे तर चित्र दम किती लागतो हे सांगत नव्हते. मेडिकल रिसर्च कौन्सिल या सरकारी संशोधन संस्थेने १९४५ साली कार्डिफजवळच्या लॅन्डॉक रुग्णालयात न्यूमोकोनिओसिस संशोधन केंद्र उघडले ते या पार्श्वभूमीवर, आणि त्याचे पहिले संचालक म्हणून चार्ल्स फ्लेचर यांची नेमणूक झाली. ऑक्सफर्ड येथे १९४१ साली पेनिसिलिनची पहिली उपचारात्मक सुई रुग्णाला टोचणारे तरुण डॉक्टर तेच होते. तथापि वैद्यकाला त्यांनी दिलेली अधिक टिकाऊ देणगी ही वेल्समध्ये आकाराला आलेली विचारण्याची पद्धत होय, असे म्हणण्यास आधार आहे.

फ्लेचर आणि त्यांचे सहकारी फिलिप ह्यू-जोन्स यांनी दम लागण्याच्या तक्रारीला पायऱ्यांत बसवण्याचा प्रयत्न केला. फ्लेचर यांच्या १९५२ च्या एका निबंधात या पायऱ्या आढळतात, आणि काही वर्षांनी त्यांना जे रूप मिळाले ते थोड्याफार फरकाने आजही जगभर वापरात आहे. पहिल्या पायरीवरच्या माणसाला फक्त जोराच्या श्रमाने दम लागतो. दुसऱ्या पायरीवरच्याला सपाटीवर घाईने चालताना किंवा लहानसा चढ चढताना लागतो. तिसऱ्या पायरीवरचा माणूस सपाट रस्त्यावर आपल्या वयाच्या लोकांबरोबर चालू शकत नाही आणि मागे पडतो. चौथ्या पायरीवरच्याला सुमारे शंभर यार्ड चालल्यावर थांबावे लागते. आणि पाचव्या पायरीवरचा माणूस दमामुळे घराबाहेर पडू शकत नाही किंवा कपडे घालता-काढताना धापा टाकतो. जपानमध्ये ही मोजपट्टी अनेक दशके ह्यू-जोन्स यांच्या नावाने ओळखली गेली.

या पाच वाक्यांतील शहाणपण सहज नजरेत भरत नाही. तुम्हाला किती त्रास होतो, असे त्यांत कोठेही विचारलेले नाही. त्रासाची जाणीव मनाच्या आत असते आणि ती दुसऱ्याला तपासता येत नाही, म्हणून फ्लेचर यांनी तिच्याऐवजी रोजच्या आयुष्यातील अशा गोष्टी विचारल्या ज्या शेजाऱ्याला किंवा पत्नीलाही दिसू शकतील: कोणाबरोबर चालता येते, कोठे थांबावे लागते, घराबाहेर पडणे होते की नाही. ‘आपल्या वयाचे लोक’ ही तुलना घालून त्यांनी वयाचा परिणामही काही अंशी वजा केला, कारण साठीच्या माणसाने विशीतल्या तरुणामागे पडणे हा रोग नव्हे. ज्या काळात कामगाराची तक्रार ही पैशासाठीची तक्रार मानली जाई, त्या काळात तिला पडताळता येईल असे रूप देणे हा शास्त्राचा आणि न्यायाचाही प्रश्न होता.

मात्र प्रश्न चांगले असूनही ते विचारणारा माणूस मध्ये उभा राहतो, ही अडचण त्याच केंद्रात उघडकीस आली. आर्ची कॉक्रन, ज्यांच्या नावाने पुढे १९९३ साली वैद्यकीय पुराव्याचे परीक्षण करणारी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, ते १९४८ साली लॅन्डॉकला आले आणि ऱ्होंडा फाख या खोऱ्यातील जवळजवळ प्रत्येक माणसाची तपासणी करण्याचा ध्यास त्यांनी घेतला. १९५१ साली त्यांनी व दोन सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या एका निबंधाचा विषय वैद्यकीय माहिती विचारून घेताना होणाऱ्या चुका हा होता. एकसारख्या खाणकामगारांच्या गटांना वेगवेगळ्या डॉक्टरांनी खोकला, कफ, दम यांविषयी विचारले असता त्यांनी नोंदवलेल्या प्रमाणांत विलक्षण तफावत पडली. काही लक्षणांच्या बाबतीत एका डॉक्टरच्या वहीत जेवढे होकार होते त्याच्या दुपटीहून अधिक दुसऱ्याच्या वहीत होते. कामगार तेच, खाण तीच, धूळ तीच. बदलला होता तो फक्त विचारणारा. कोणी प्रश्नाला सूचक वळण देत होते, कोणी अर्धवट ‘हो’ला ‘हो’ धरत होते, कोणी रुग्णाचा चेहरा पाहून आधीच मत बनवत होते. फ्लेचर यांनी त्याच सुमारास असेही दाखवले की छातीच्या तपासणीत सापडणाऱ्या खुणांविषयी अनुभवी डॉक्टरांचे आपसांत फारसे एकमत होत नाही. रुग्णाचा शब्द अविश्वसनीय आणि डॉक्टरचे निरीक्षण विश्वसनीय, ही समजूत अशा रीतीने दोन्ही टोकांनी ढासळली. हा या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा मानावा लागतो, कारण प्रश्नावलीचा जन्म रुग्णाविषयीच्या संशयातून झाला, असे जे वरवर वाटते ते अर्धेच खरे आहे. डॉक्टरविषयीचा संशयही तिच्या मुळाशी तितकाच आहे.

यानंतर ब्रिटनमध्ये विषयाचा केंद्रबिंदू खाणीकडून शहराकडे सरकला. १९५२ च्या डिसेंबरमध्ये लंडनवर कोळशाच्या धुराने काळवंडलेले दाट धुके चार-पाच दिवस साचून राहिले आणि त्यात सुमारे चार हजार अधिक माणसे दगावल्याचा अंदाज त्या वेळी करण्यात आला. मृतांत जुनाट ब्रॉन्कायटिसचे, म्हणजे श्वासनलिकांच्या दीर्घकालीन दाहाचे, रुग्ण मोठ्या संख्येने होते. हा रोग ब्रिटनमध्ये इतका सर्रास होता की त्याला ‘इंग्रजांचा रोग’ म्हटले जाई. पण रुग्ण कोणाला म्हणायचे हेच निश्चित नव्हते. फ्लेचर आता लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात होते. त्यांनी व सहकाऱ्यांनी १९५९ साली टपाल खात्यातील कामगारांच्या पाहणीवरील दोन महत्त्वाचे निबंध प्रसिद्ध केले, ज्यांतील एक लक्षणांच्या अर्थाविषयी होता आणि दुसरा तीच माणसे त्याच प्रश्नांना पुन्हा विचारल्यावर किती वेळा वेगळे उत्तर देतात याविषयी. १९६० साली मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या समितीने श्वसनलक्षणांची प्रमाण प्रश्नावली जाहीर केली. १९६६, १९७६ आणि १९८६ साली ती सुधारण्यात आली.

या प्रश्नावलीचे खरे सामर्थ्य तिच्या प्रश्नांइतकेच तिच्याबरोबरच्या सूचनांत होते. प्रश्न छापल्याप्रमाणे शब्दशः वाचायचा, त्यात स्वतःची भर घालायची नाही, उत्तर शक्यतो ‘हो’ किंवा ‘नाही’ असेच नोंदवायचे, थोडक्यात खुलासा विचारूनही संशय उरला तर ‘नाही’ लिहायचे, असे नियम मुलाखतकाराला घालून दिले होते. हिवाळ्यात सकाळी उठल्यावर खोकला येतो का, कफ पडतो का, असा खोकला वा कफ वर्षातून तीन महिने बहुतेक दिवशी असतो का, अशा क्रमाने प्रश्न पुढे सरकत. लागोपाठ दोन वर्षे प्रत्येकी तीन महिने कफासह खोकला ही जुनाट ब्रॉन्कायटिसची आजही पाठ्यपुस्तकांत आढळणारी व्याख्या याच प्रश्नांच्या घडणीतून आली, हे वाचकाने लक्षात घेण्याजोगे आहे: एखाद्या रोगाची व्याख्याच प्रश्नांच्या रूपात अस्तित्वात येण्याचे हे ठळक उदाहरण होय. युरोपच्या कोळसा-पोलाद समुदायाने १९६२ साली स्वतःची प्रश्नावली काढली, आणि अमेरिकेत १९७८ साली तिथल्या छातीरोग संघटनेच्या प्रमाणीकरण प्रकल्पातून आणखी एक निघाली. दोन्हींवर ब्रिटिश नमुन्याची छाप होती.

समान प्रश्नांचा लाभ काय, हे १९६४ साली स्पष्ट झाले. अमेरिकेतील डॉक्टर ज्या रुग्णांना ‘एम्फिसीमा’, म्हणजे फुप्फुसातील हवेच्या सूक्ष्म कोशांची झीज, असे निदान लावत, तशाच रुग्णांना ब्रिटनमध्ये ब्रॉन्कायटिसचे निदान मिळे, आणि दोन्ही देशांत दोन निराळे रोग आहेत असा समज रूढ झाला होता. शिकागो आणि लंडन येथील रुग्णांना एकाच प्रश्नावलीने व एकाच पद्धतीच्या चाचण्यांनी तपासल्यावर ते बहुतांशी सारखेच निघाले.

याहून मोठा धक्का खुद्द फ्लेचर यांच्याच गृहीतकाला बसला. ब्रिटनमधील प्रचलित मत असे होते की सिगारेट व धुरामुळे कफ वाढतो, कफामुळे वारंवार संसर्ग होतो, आणि संसर्गामुळे श्वासनलिका हळूहळू अरुंद होतात. म्हणजे कफ ही पहिली पायरी आणि दम ही शेवटची. लंडनमधील कामगार पुरुषांचा आठ वर्षे पाठपुरावा करून, प्रश्नावलीतील उत्तरे आणि पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकलेल्या हवेचे माप यांची सांगड घालून, फ्लेचर आणि संख्याशास्त्रज्ञ रिचर्ड पीटो यांनी १९७७ साली दाखवले की कफ पडणे आणि श्वासनलिका अरुंद होणे या दोन वेगवेगळ्या प्रक्रिया आहेत. दोन्हींच्या मागे धूम्रपान आहे, पण एकीतून दुसरी निघत नाही. धूम्रपान सोडणाऱ्यांत फुप्फुसाची अधोगती मंदावते, हेही त्याच अभ्यासाने ठसवले. स्वतः घडवलेल्या साधनाने स्वतःचेच मत खोटे ठरले असता ते मोकळेपणाने प्रसिद्ध करणाऱ्या संशोधकांत फ्लेचर यांची गणना आदराने करावी लागते.

प्रश्नावलीच्या या पहिल्या पिढीची एक शाखा गिरण्यांकडे गेली, आणि तिच्याद्वारे हा इतिहास मुंबईशी जोडला जातो. कापसाच्या धुळीने होणाऱ्या ‘बिसिनोसिस’ या रोगाची खूण विचित्र आहे: साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते, आणि आठवडा पुढे सरकतो तसा त्रास उतरतो. सुरुवातीच्या काळात क्ष-किरण चित्रात काहीही दिसत नाही. रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात लँकेशायरच्या गिरण्यांत या रोगाची वर्गवारी बसवली ती जवळजवळ संपूर्णपणे प्रश्नांच्या आधारे. पहिल्या दिवशी कधीमधी त्रास, दर पहिल्या दिवशी त्रास, इतर दिवशीही त्रास, आणि शेवटी कायमची अकार्यक्षमता, अशी तिची चढती श्रेणी होती. कोणत्या दिवशी छाती आवळते, हा एक साधा प्रश्न न विचारल्यास हा रोग सापडतच नाही, आणि तो दमा किंवा विडीचा परिणाम म्हणून नोंदला जातो.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत यांनी परळ-लालबागच्या परिसरात १९७० च्या दशकापासून श्वसनरोगांचा जो अभ्यास उभा केला, त्यात गिरण्यांतील बिसिनोसिस आणि शहरातील हवेचे प्रदूषण हे दोन्ही विषय होते. प्रदूषणाच्या अभ्यासात लालबाग, चेंबूर, खार आणि तुलनेसाठी ग्रामीण वस्ती यांतील रहिवाशांची लक्षणे प्रमाण प्रश्नांनी नोंदवून ती हवेतील सल्फर डायऑक्साइड वायूच्या मापांशेजारी ठेवण्यात आली. ज्या रुग्णालयाच्या भोवती गिरण्यांचे भोंगे वाजत त्याच रुग्णालयाने गिरणगावाला दमाविषयी पद्धतशीरपणे विचारावे, ही मुंबईच्या वैद्यकीय इतिहासातील मोलाची गोष्ट आहे, आणि तिची दखल गिरणगावाच्या सामाजिक इतिहासकारांनीही अधिक घ्यायला हवी. १९९५ साली मुंबईच्या एका कापड गिरणीतील बिसिनोसिसवरचा आणखी एक अभ्यास ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपाला तेरा वर्षे होऊन गेली होती आणि अनेक खात्यांना कुलपे लागली होती; भारतीय कायद्यातील व्यावसायिक रोगांच्या यादीत बिसिनोसिस असूनही भरपाईच्या मार्गावर पोचलेले कामगार थोडे होते. वेल्समध्ये प्रश्नावली आणि भरपाई यांचे जे नाते होते ते मुंबईत जुळायला फार उशीर झाला.

१९८० च्या सुमारास विषयाने नवे वळण घेतले. तोवरच्या प्रश्नावल्या समाजात रोग किती पसरला आहे हे सांगण्यासाठी होत्या. एका रुग्णाचा रोग किती तीव्र आहे, आणि औषधाने त्याला बरे वाटले की नाही, हे सांगण्यासाठी त्या घडवलेल्याच नव्हत्या. पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर चौथ्या पायरीचा माणूस उपचारानंतर बराच सावरूनही चौथ्याच पायरीवर राहू शकतो, कारण दोन पायऱ्यांतील अंतर मोठे आहे. दुसरीकडे यंत्राचे मापही अपुरे पडत होते. सीओपीडी या संक्षिप्त नावाने आता ओळखल्या जाणाऱ्या श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या रोगांत यंत्रावरील आकडा औषधाने फारसा हलत नाही, तरी रुग्ण मात्र जिना चढू लागल्याचे सांगतो. अमेरिकेत १९८४ साली डोनाल्ड माहलर यांनी दमाची आधीची स्थिती आणि नंतरचा बदल वेगवेगळे नोंदवणारे निर्देशांक मांडले.

कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठात गॉर्डन गायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून मूलगामी मार्ग धरला. माणसामाणसांत फरक दाखवणारे साधन आणि एकाच माणसातील काळानुसार होणारा बदल टिपणारे साधन ही दोन वेगळी साधने आहेत, हा विचार त्यांनी १९८५ मध्ये मांडला होता. त्यानुसार दीर्घकालीन श्वसनरोगाची प्रश्नावली, जी ‘सीआरक्यू’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते, १९८७ साली ‘थोरॅक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. काय विचारायचे हे डॉक्टरांनी ठरवण्याऐवजी शंभर रुग्णांना त्यांच्या आयुष्यात या रोगाने काय-काय बिघडवले आणि त्यांतले त्यांना सर्वांत महत्त्वाचे काय वाटते, हे विचारून तिचे वीस प्रश्न निवडण्यात आले. ते चार भागांत विभागलेले होते: दम, थकवा, मनाची अवस्था, आणि रोग आपल्या ताब्यात आहे ही भावना. दमाच्या भागात तर प्रत्येक रुग्ण स्वतःच्या आयुष्यातील पाच महत्त्वाची कामे निवडे, आणि पुढच्या प्रत्येक भेटीत त्याच पाच कामांविषयी त्याला विचारले जाई. उत्तरे सात पायऱ्यांवर नोंदवली जात. १९८९ साली याच गटाने असेही सांगितले की दर प्रश्नामागे सरासरी अर्ध्या गुणाचा फरक पडला तर तो रुग्णाला स्वतःला जाणवतो. संख्याशास्त्रदृष्ट्या खरा असलेला फरक रुग्णाच्या जगण्यात खरा असतोच असे नाही, आणि ती सीमारेषा रुग्णानेच ठरवावी, हा विचार त्यानंतर साऱ्या वैद्यकात पसरला.

लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात पॉल जोन्स यांनी १९९२ साली दुसरे साधन प्रसिद्ध केले. सेंट जॉर्जेस श्वसन प्रश्नावलीत पन्नास प्रश्न असून त्यांची शहात्तर उत्तरे होतात. मुलाखतकाराची गरज न ठेवता ती रुग्णाने स्वतः भरायची असते. लक्षणे, हालचाल आणि आयुष्यावरील परिणाम असे तिचे तीन भाग आहेत, आणि एकूण गुण शून्य ते शंभर असतात, ज्यात शंभर म्हणजे सर्वांत वाईट अवस्था. प्रत्येक उत्तराला वेगळे वजन आहे, आणि ती वजने रुग्णांनाच विचारून ठरवलेली आहेत. चार गुणांचा फरक हा रुग्णाला जाणवणारा किमान फरक मानला गेला. कॅनडाच्या साधनात रुग्ण स्वतःची मोजपट्टी सोबत आणत असे. लंडनच्या साधनात सर्वांना एकच मोजपट्टी होती, म्हणून दोन देशांतील किंवा दोन औषधांच्या चाचण्यांतील रुग्णांची तुलना करणे सोपे गेले. त्यामुळे औषधांच्या मोठ्या चाचण्यांत लंडनचे साधन अधिक रुजले.

या साधनांनी काय घडवले याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. सीओपीडीच्या रुग्णांना व्यायाम, श्वासाचे शिक्षण आणि आधार देणाऱ्या पुनर्वसन कार्यक्रमांनी यंत्रावरील आकडा बदलत नाही, म्हणून ते अनेक वर्षे दुय्यम मानले गेले. १९९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण आले, त्यात सीआरक्यूवरील सुधारणा रुग्णाला जाणवणाऱ्या सीमेपलीकडे जात असल्याचे दिसले, आणि पुनर्वसनाला उपचारपद्धतीत मानाचे स्थान मिळाले. दुसरे उदाहरण ब्रिटनमधील तीन वर्षे चाललेल्या, ७५१ रुग्णांच्या चाचणीचे आहे, जिचा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला. श्वासावाटे घ्यायच्या स्टिरॉइड औषधाने फुप्फुसाची घसरण थांबली नाही, आणि यंत्रापुरते पाहिले असते तर औषध निरुपयोगी ठरले असते. परंतु लंडनच्या प्रश्नावलीवर, औषध न घेणाऱ्यांची अवस्था वर्षाला ३.२ गुणांनी बिघडत असताना घेणाऱ्यांची २ गुणांनी बिघडली, आणि रोग अचानक उसळण्याचे प्रसंगही कमी झाले. प्रश्नावली नसती तर हा फरक नोंदलाच गेला नसता.

याच काळात दमाची जुनी पाच पायऱ्यांची मोजपट्टीही पुन्हा प्रकाशात आली. जपानमधील संशोधकांनी २००२ साली दाखवले की सीओपीडीचा रुग्ण पाच वर्षे जगेल की नाही याचा अंदाज यंत्रावरील आकड्यापेक्षा दमाच्या पायरीवरून अधिक चांगला येतो, आणि २००४ साली उंचीच्या मानाने वजन, श्वासनलिकांचा अडथळा, दम आणि सहा मिनिटांत चाललेले अंतर या चार गोष्टी एकत्र करणारा निर्देशांक पुढे आला.

मात्र पन्नास प्रश्नांचे साधन चाचणीत चालते, बाह्यरुग्ण विभागात चालत नाही. जोन्स यांनीच २००९ साली आठ प्रश्नांची चाचणी काढली, जी ‘कॅट’ या नावाने परिचित आहे. खोकला, कफ, छातीतला जडपणा, चढ चढताना लागणारा दम, घरातल्या कामांवरची मर्यादा, घराबाहेर पडण्याचा धीर, झोप आणि अंगातली शक्ती या आठ गोष्टींना रुग्ण शून्य ते पाच गुण देतो आणि बेरीज चाळीसपर्यंत जाते. तिच्या निर्मितीला ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषध कंपनीचे अर्थसाहाय्य होते, आणि साधनाचे हक्कही त्या कंपनीकडे आहेत, ही बाब इतिहासात नोंदवणे आवश्यक आहे, कारण सरकारी संशोधन संस्थेच्या समितीपासून सुरू झालेला हा प्रवास तोवर किती दूर आला होता हे तिच्यावरून कळते. सीओपीडीच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शिका काढणाऱ्या ‘गोल्ड’ या उपक्रमाने २००१ च्या पहिल्या अहवालात रोगाच्या पायऱ्या मुख्यतः यंत्रावरील आकड्याने ठरवल्या होत्या. २०११ च्या अहवालात मात्र कॅटवरील दहा गुण किंवा दमाच्या सुधारित मोजपट्टीवरील, जी आता शून्यापासून चारपर्यंत मोजली जाते, दोन क्रमांकाची पायरी ही उपचार ठरवण्याची रेषा झाली. दोन्ही रेषा समान नाहीत, हे लवकरच लक्षात आले. एकच रुग्ण कोणते साधन वापरले त्यानुसार वेगळ्या गटात पडू शकत होता. २०१७ च्या अहवालात गट ठरवण्याच्या पद्धतीतून यंत्रावरील आकडा वेगळा काढण्यात आला आणि २०२३ मध्ये गटांची संख्याही कमी झाली, पण रुग्णाच्या उत्तरांचे स्थान अबाधित राहिले.

भारतात या साधनांची भाषांतरे मराठीसह अनेक भाषांत झाली आहेत. चंडीगडच्या डॉ. एस. के. जिंदल यांच्या नेतृत्वाखाली मुंबई व नागपूरसह बारा केंद्रांत झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रश्नावलीच्याच आधारे पस्तिशीपुढील लोकांत जुनाट ब्रॉन्कायटिसचे प्रमाण ३.४९ टक्के आढळले. पण रोगाची तीव्रता मोजताना अडचण वेगळी येते. लंडनच्या प्रश्नावलीत टेनिस, गोल्फ आणि बर्फ उपसण्याचे उल्लेख आहेत. ते बदलून घेता येतात. अधिक खोलवरचा प्रश्न असा की पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ज्यांच्याकडे जगाचे लक्ष वेधले, त्या कधीही धूम्रपान न केलेल्या, चुलीच्या धुराने आजारी पडलेल्या स्त्रियांना चढावर घाईने चालण्याविषयी विचारून काय हाती लागेल. त्यांचे श्रम चुलीपुढे उकिडवे बसणे, कळशी उचलणे, कपडे धुणे, गुरांचे शेण काढणे या स्वरूपाचे असतात. शिवाय जी स्त्री हळूहळू पाण्याला जाणे सुनेवर सोपवते, तिला दम लागत नाही, कारण दम लागेल असे काम तिने सोडून दिलेले असते, आणि पायऱ्यांच्या मोजपट्टीवर ती बरी असल्याची नोंद होते. रुग्णाने स्वतःची पाच कामे निवडायची, ही हॅमिल्टनची पद्धत या परिस्थितीला सर्वांत जवळची आहे. ती वेळखाऊ म्हणून मागे पडली आणि तिच्याही नव्या आवृत्तीत सर्वांसाठी एकच ठरावीक कामे घालण्यात आली. आठ प्रश्नांचा कागद दोन मिनिटांत भरून होतो, तर पाच कामे शोधून काढायला प्रशिक्षित माणसाला रुग्णाजवळ पंधरा-वीस मिनिटे बसावे लागते. भारतातील गर्दीच्या सरकारी बाह्यरुग्ण विभागांत एका रुग्णाच्या वाट्याला तेवढा वेळ सहसा येत नाही, आणि म्हणून तेथे रोगाची तीव्रता मोजली जाते ती बहुधा यंत्राशिवाय, प्रश्नावलीशिवाय, डॉक्टरच्या अंदाजाने.